आखूड स्प्रिंगांची गाडी

गाडीखाली लोळायला तुला माझीच चादर सापडली का रे? सोडा लावला, आपटली, तरी ग्रीस जात नाही.

सोलापूर, दिवाळीनंतर, १९७६

प्रिय नागप्पा,

पुण्याच्या गॅरेजात शिकतोस म्हणून सणाला आलास आणि बापाच्या फियाटला न विचारता आखूड स्प्रिंगा घातल्यास. गाडी खाली यायला हवी होती, ती नाक वर करून उभी राहिली. वर म्हणालास, पुण्यात फॅशन हाय. चन्नप्पा गल्लीसमोर नको ते बोलला आणि तू फराळाचं ताट तसंच टाकून स्टँड गाठलास. माझ्या लेकाला तोंड आवरत नाही, तुला पाय.

दुसऱ्या दिवशी जुन्या स्प्रिंगा परत बसवायच्या म्हणून तो गाडीखाली शिरला, तो लवकर बाहेरच येईना. गाडी जॅकवर लटकत असतानाच तू बोल्ट आवळलेस म्हणे. वजन चाकांवर आल्यावर आवळायचे असतात, नाहीतर गाडी वरच अडकून राहते. तुझ्याच स्प्रिंगा ठेवून त्यानं ते ढिले केले, गाडी उतरवली, डिकीत ज्वारीचं पोतं टाकलं आणि मला म्हणाला, अव्वा, मागं बस की, आवळताना नेहमीएवढं वजन पाहिजे. मी म्हणलं, एक पोतं कमी पडलं व्हय?

न्हाणीत पडून खुबा मोडल्यापासून मला दोघांनी उचलून गाडीत कोंबायचं. त्यापरीस मी घरीच बरी, म्हणून जाणंच सोडलं होतं. त्या दिवशी दार धरलं, पाय उचलला आणि आत बसले. कुणी हात लावला नाही. चन्नप्पा पाना धरून बघतच राहिला. तेव्हा मला आठवलं, उंबऱ्यापाशी विटा रचून तू विचारत होतास, आज्जी, एवढा पाय उचलतो का? मला वाटलं चेष्टा करतोस. फॅशन म्हणे! खरं कारण सांगितलं असतंस तर मला लंगडी म्हणतोस म्हणून मीच तुला बडवलं असतं.

मग त्यानं बोल्ट आवळले. रोज गाडी फिरवून आणतो, रोज वाकून बघतो. आता नाक खाली आलंय. जुन्या स्प्रिंगा त्यानं भंगारात घातल्या. तुला मात्र तो लिहिणार नाही, म्हणून मी लिहिते. वळसंगला माझी बहीण काशम्मा अंथरुणाला लागली आहे. चन्नप्पा रोज म्हणतो, चल, नेतो. मी म्हणते, ज्यानं गाडी खाली आणली तोच मला नेईल. मी हट्टी आहे, पण काशम्माला फार वाट बघवणार नाही. ये.

तुझीच,
शिवबाई आज्जी

उत्तर मला नको, बापाच्या नावानं लिही. आणि त्या पत्राला उत्तर चन्नप्पानंच द्यायचं. मी पेन हातात धरणार नाही.