पिवळ्या मातीची चूल

डाळज

अम्मी, तुला सिताराचा सलाम.

मी मजेत हाय, पोटभर जेवते. सासूबाई फारशा बोलत न्हाईत, पण तू मनाला लावून घेऊ नगं. अब्बांचा गुडघा कसा हाय?

हितं रेल्वेची जुनी लाइन बंद हाय, रूळबी उचलून नेलेत. काल तिच्या खडीवरून चालत पार घळीपर्यंत गेले. घळीच्या अंगाला मातीचे थर, लाल, पांढरे, हळदीसारखे पिवळे! पिवळी माती पदरात बांधून आणली, कुणाला न विचारता चूल सारवली. सकाळी जाळ घातला, तर पिवळी माती भाजून चुलीचं तोंड लालभडक! तुझ्या चुलीनं कधी असा रंग बदलला का गं?

सासूबाई चुलीकडं बघतच राहिल्या. मला वाटलं, आता ओरडणार. माती घळीतनं आणली म्हणून सांगितलं, तर हळूच म्हणाल्या, "घळ किती लांब हाय? उद्या मलाबी ने."

तुझीच पोर,
सितारा