फ्लेक्सवरची हिराबाई

पिंपरी पेंढार
१२ जानेवारी २०२५

चि. ज्ञानेश्वर यास ताईचे अनेक आशीर्वाद.

फोन मुद्दाम केला न्हाई. फोनवर तू मीटिंगमध्ये आहे म्हणून ठेवून देतोस.

काल जुन्नरला अस्तराचं कापड आणायला गेले. एसटी स्टँडसमोर तुमच्या गोबरगॅस कंपनीचा केवढा फ्लेक्स, आणि त्यावर मी! विटकी साडी, पदर डोळ्याला, समोर धुमसणारी चूल. खाली लिहिलंय, धुरानं हिराबाईंची दृष्टी गेली, तुम्ही कशाची वाट बघताय? अरे, माझी दृष्टी गेली कधी? घरात सिलिंडर येऊन किती वर्षं झाली. माझ्या परड्यात तुमचा गोबरगॅसचा प्लँट बसवला, तेव्हा तुमच्या फोटोवाल्यानंच अंघोळीच्या पाण्याची चूल ओल्या लाकडांनी पेटवायला लावली. ऑफिसच्या फायलीला पाहिजे म्हणाला. भावाच्या कंपनीचा माणूस, म्हणून ऐकलं.

तुझे दाजी मेंढरांमागं कोकणात. घर माझ्या शिलाईवर चालतं. आज चिमाबाई आल्या आन् लेकीच्या लग्नातले ब्लाउजपीस परत घेऊन गेल्या. डोळ्यांना आराम द्या म्हणाल्या! तो फ्लेक्स उतरव.

प्रतिभाला आशीर्वाद. माया आहे, म्हणून एवढ्यावर थांबते.

तुझी ताई
हिरा

अवसरी बुद्रुक
१७ जानेवारी

सौ. ताईस सा. न. वि. वि.

तुझं पत्र वाचल्यापासून प्रतिभा माझ्याशी धड बोलत नाही. खरंच सांगतो, तो मजकूर मला माहीत नव्हता. मी टाकीचं डिझाइन करतो, जाहिरात साहेब बघतात. त्यांना विचारलं तर म्हणाले, प्लँट चांगला आहे ना, मग थोडं वाढवून लिहिलं तर बिघडलं कुठं? फ्लेक्स लागल्यापासून चौकशीचे फोन थांबत नाहीत म्हणे. पाडव्याला बदलतो म्हणालेत. मी कंपनीत नवा, फार ताणता येत नाही. तेवढं सोस.

२६ तारखेला, रविवारी साहेब आमच्या गावच्या बायकांना तुझा प्लँट दाखवायला आणणार आहेत. रागाच्या भरात चहात मीठ घालू नकोस!

रागवलीस तरी आपला समजून घे.

तुझा
ज्ञानेश्वर

पिंपरी पेंढार
२७ जानेवारी

चि. ज्ञानेश्वर यास अ. आ.

सोस म्हणालास. प्रतिभाचा असा फोटो लावला असता तर तू सोसलं असतंस?

काल बायका आल्या. तुमच्या गावच्या ठमाबाईंनी माझा हात धरून मला माझ्याच उंबऱ्यावरनं आत नेलं, जपून हं म्हणाल्या. लई जीव जळला माझा. साहेब कानाशी येऊन म्हणाला, ताई, जास्त बोलू नका. मग तर बोललेच. शेण कालवून दाखवलं, शेगडीवर चहा ठेवला आन् सांगितलं, गॅस खरा आहे, माझ्या भावानं मन लावून केलाय, पण फ्लेक्स खोटा. सगळ्यांसमोर सुईत दोरा ओवला.

तशी ठमाबाईंनी साहेबालाच धरलं. डोळ्यांचं खोटं सांगितलं, मग टाकी गळणार न्हाई हे खरं कशावरून, असं विचारलं. साहेब चहा न पिता गाडीत जाऊन बसला. बायका निवांत बसल्या, दुसऱ्यांदा चहा घेतला.

तुझी नोकरी गेली तर माझ्यावर रागव. पण मी पुन्हा हेच करीन.

ताई

अवसरी बुद्रुक
३ फेब्रुवारी

सौ. ताईस सा. न. वि. वि.

साहेबांनी बोलावून सांगितलं, फ्लेक्सला हरकत नाही अशी बहिणीची सही आणा, म्हणजे फ्लेक्स राहील. मी नाही म्हणालो. मग दुसरीकडे काम बघा म्हणाले. तिथून निघालो तो थेट जुन्नर. आमच्या टाक्या बांधणारे गेणभाऊ मिस्त्री शिडी घेऊन बरोबर आले. आम्ही फ्लेक्स उतरवला.

ठमाबाई टाकी माझ्याकडूनच बांधून घेणार आहेत. अट एकच, फोटो काढायचा नाही. पुढचं पुढं बघू. प्रतिभा आता बोलते.

दाजी आले की कळव, भेटायला येतो.

तुझा
ज्ञानेश्वर

पिंपरी पेंढार
१० फेब्रुवारी

चि. ज्ञानेश्वर यास अ. आ.

पत्र वाचून रडले. डोळे चांगले असले तरी पाणी येतं, हे तुझ्या साहेबाला सांग.

चिमाबाई काही फिरकल्या न्हाईत. दाजींची वाट बघू नकोस, प्रतिभाला घेऊन लवकर ये. जेवल्याशिवाय सोडणार न्हाई.

फ्लेक्स उतरला, पण लोकांच्या डोक्यातनं मी उतरले न्हाई. काल एसटीत एक पोरगी जागेवरनं उठली. बसा मावशी म्हणाली, तुम्हाला दिसत न्हाई ना. मी बसले. आन् जुन्नर येईपर्यंत तिच्याकडं टक लावून बघत राहिले.

तुझी ताई
हिरा