बरे होऊन आलेले बाबा

रविवार, १२ मे
दुपार, झऱ्याजवळची भाड्याची खोली

प्रिय चिऊ,

तुला आणि पिटुकल्याला अनेक आशीर्वाद, जावईबापूंना नमस्कार. आई ठीक आहे. शेजारच्या शिक्षिकाबाई चार दिवस तिच्या सोबतीला राहणार आहेत. तुझी वहिनीही बरी आहे. दुकान बंद ठेवून आलोय. नव्या चष्म्यावाचून कुणी चार दिवसांत आंधळं होत नाही.

तुझं पत्र वाचलं आणि त्याच दिवशी ठरवलं. पिटुकला डावा पाय ओढत चालतो, डॉक्टर विचारतात घरात आणखी कुणाला असं होतं का, आणि तू मला विचारतेस की बाबांच्या पायाला नेमकं काय झालं होतं. वर हेही, की ज्या गरम झऱ्यांच्या पाण्यानं बाबा बरे झाले तिथं पोराला आणू का. म्हटलं, दोन वर्षांचं पोर घेऊन या उन्हात तू निघण्याआधी मी जाऊन बघून येतो. बाबा गेल्यापासून सहा महिने त्यांची मोटारसायकल नुसती उभी होती. दुसऱ्याच किकला सुरू झाली.

काल तीनशे किलोमीटर आलो. पाठीचा पार भुगा झालाय. डांबर इतकं तापलं होतं की थांबलं की बूट चिकटायचे. घाटाच्या अलीकडे पेट्रोल भरायला थांबलो, तर पंपावरच्या माणसानं टाकीवरून हात फिरवला आणि म्हणाला, "या वर्षी उशीर केलात." मी हेल्मेट काढलं तेव्हा ओशाळला. म्हणाला, "गाडी तीच वाटली." तशा गाड्या पुष्कळ असतात.

गाव जुनं आहे. दगडी कमानी, मधे मोठं कुंड, कडेला पायऱ्या गुळगुळीत झिजलेल्या. गटारांतूनसुद्धा वाफ येते. कुजक्या अंड्यांचा वास येतो, पण तासाभरात नाक मरतं. कुंडाच्या मागच्या भिंतीवर बऱ्या झालेल्या लोकांनी सोडून दिलेल्या कुबड्या टांगल्यात. शेकड्यानं असतील. त्यात लहान मुलांच्याही आहेत. म्हणजे तुझ्या पिटुकल्याला आशा आहे असं धरून चाल.

आज पाण्यात बसलो आणि मालिश करून घेतली. मालिशवाला भला माणूस आहे, माझ्याच वयाचा असेल. हात असे की दुखणं कुठं आहे ते सांगावं लागत नाही. बोलकाही आहे. घरी कोण कोण, दुकान कुठं, आई काय म्हणते, सगळं विचारत होता. मीही बडबडलो. एवढं मी वर्षभरात कुणाशी बोललो नसेन.

उद्या इथल्या जुन्या माणसांकडे बाबांची चौकशी करतो. पोराला उन्हात फिरवू नकोस.

तुझा,
दादा

•

रविवार, १९ मे
घरून

प्रिय चिऊ,

आठ दिवस पत्र नाही म्हणून तू काळजीत असशील. मी सुखरूप आहे. आईही. हे पत्र एकटी असताना वाच, आणि आधी मला एवढं लिहू दे: पिटुकल्याला तिकडे नेऊ नकोस. कुणी कितीही सांगितलं तरी नेऊ नकोस.

मागच्या पत्रात लिहिलं, तुझी वहिनी बरी आहे. असेलही. ती मार्चमध्येच घर सोडून गेली. भांडण वगैरे काही नाही, एक दिवस म्हणाली, या घरात कुणी आहे असं वाटत नाही. तुला कळवणार होतो. हे आता सांगतोय, कारण पुढे जे घडलं त्यात त्याचा संबंध आहे.

आणखी एक. माझा डावा कान लहानपणी तापात गेला असं तुला सांगितलंय. ताप नव्हता. बाबांनी मारलं होतं. मी सात वर्षांचा होतो आणि माझ्या हातून त्यांची कुबडी पडली होती.

तू म्हणशील, बाबांनी? आपल्या बाबांनी? तेच तर सांगायचंय. तू पाहिलेस ते बाबा झऱ्यांहून परतल्यावरचे. तुझा जन्म त्यानंतर दीड वर्षानं झाला. त्याआधी आपल्या घरात एक लंगडा, संतापी माणूस राहायचा. तो खोलीत आला की आई भिंतीला लागून उभी राहायची. तो चार महिन्यांसाठी झऱ्यांवर गेला आणि परत आला तेव्हा सरळ चालत आला. आवाज मऊ. मला बघून रस्त्यातच खाली बसला, माझ्या उंचीला आला. मीठ कुठल्या डब्यात ते त्याला माहीत नव्हतं. जुना चष्मा लावला तर म्हणाला, चक्कर येते. आई म्हणाली, आजारपणात माणूस विसरतो. महिन्याभरात आम्ही ते गाव सोडलं आणि नातेवाइकांशी येणंजाणंही तोडलं.

दुकान काढल्यावर मी तो जुना चष्मा मापून बघितला होता. मोठ्या माणसाच्या दोन बुबुळांमधलं अंतर बदलत नाही, चिऊ. जाडी वाढते, नंबर वाढतो, हे अंतर तेवढंच राहतं. बाबांच्या मापात आणि त्या चष्म्यात सात मिलिमीटरचा फरक होता. मी चष्मा परत खणात ठेवला. वीस वर्षं झाली. ते अंतर चुकीचं मापलं गेलं असेल असं मी स्वतःला सांगत आलो.

आता झऱ्यांवरचं सांगतो. सोमवारी सकाळी कुंडावरच्या झाडूवालीला बाबांचा फोटो दाखवला. तिनं नीट पाहिला आणि विचारलं, "हे नाही आले का यंदा? तुम्ही आलात होय? मग जा की मागे. ते वाट बघून दमले."

"कोण?"

"ज्यांना भेटायला हे दरवर्षी येतात ते."

बाबा दर मे महिन्यात चार दिवस गाडी घेऊन एकटे जायचे, आठवतं? आपल्याला सांगायचे, जुन्या कामावरचे मित्र भेटतात.

कुंडामागे एक लांब इमारत आहे. जे बरे होत नाहीत आणि परतही जात नाहीत असे लोक तिथं राहतात. शेवटच्या खोलीत खाटेवर एक म्हातारा पाय लांब करून बसला होता. भरदुपारी खिडकी बंद. मी दारात उभा राहून काहीतरी बोलायला लागलो, तर तो मला थांबवून म्हणाला,

"उजवीकडून ये. डाव्या कानानं तुला ऐकू येत नाही."

मी तिथंच जमिनीवर बसलो.

भिंतीवर आपले फोटो होते. दर वर्षाचा एक. माझी शाळा, तुझ्या दोन वेण्यांच्या रिबिनी, तुझं लग्न, पिटुकला दुपट्यात. आईचा मात्र एकही नव्हता. बाबांनी तिचा दिला नसावा.

म्हातारा बोलत होता. त्याला घाई नव्हती. "तो इथं मालिश करायचा. चार महिने रोज माझा पाय चोळला त्यानं. मी घरच्यांना शिव्या द्यायचो, तो ऐकायचा. पोरगं काय खातं, तुझी आई झोपेत काय बोलते, सगळं विचारायचा. एक दिवस म्हणाला, तुम्हाला जायचं नाही का घरी? मी म्हटलं, नाही. काय आहे तिथं? तो बराच वेळ पाय चोळत राहिला. मग म्हणाला, मग मी जाऊ का?"

"आणि तुम्ही हो म्हणालात."

"कपडे दिले. चष्मा दिला."

"तो तुमच्यासारखा दिसायचा?"

"मी आलो तेव्हा नाही," म्हातारा म्हणाला. "निघाला तेव्हा दिसायला लागला होता."

मी विचारलं, पस्तीस वर्षांत पाण्यानं पाय कसा बरा झाला नाही. तो हसला. त्या हसण्यावरून मी त्याला पूर्ण ओळखलं, आणि माझा हात आपोआप कानावर गेला. म्हणाला, "पाण्यानं कुणाचंच काही बरं होत नाही. भिंतीवर कुबड्या पाहिल्यास ना? जे चालत घरी गेले ते आधीपासूनच धडधाकट होते."

मग त्यानं विचारलं, तो का आला नाही. मी सांगितलं, हिवाळ्यात गेले. म्हाताऱ्याच्या डोळ्यांत पाणी आलं, ते खरं होतं. पण ते पुसून झाल्यावर म्हणाला, "म्हणजे आता तिथं जागा रिकामी आहे."

मी उठलो. म्हटलं, "जागा नाही."

बाहेर आलो तर ओट्यावर मालिशवाला बसला होता. मला म्हणाला, बसा, खांदे आखडलेत. आणि मी बसलो, चिऊ. एवढं सगळं ऐकूनही बसलो, इतके ते हात चांगले होते. त्यानं हळूच विचारलं, "घरी जायचं नाही का तुम्हाला?"

उत्तर द्यायला मला वेळ लागला. किती ते सांगता येणार नाही. वहिनीची रिकामी कपाटं डोळ्यांपुढे आली, दुकानातला काचेचा काउंटर आला. आणि वाटलं की हा गेला तर आईशी नीट बोलेल. वहिनीलाही कदाचित परत आणेल. मला खरंच असं वाटलं. तू आता म्हणशील, दादा, वेडा झालास काय. नव्हतो.

मग तुझं पत्र आठवलं. डॉक्टरांना उत्तर हवंय, आणि ते खरं उत्तर माझ्याशिवाय कुणाकडे नाही. मी म्हणालो, "जायचंय."

"काय म्हणालात?" असं म्हणून त्यानं मान वळवली आणि उजवा कान माझ्याकडे केला. मी जसा करतो, अगदी तसा.

त्यानंतर मी खोलीवर पिशवी घ्यायलाही गेलो नाही. चटके बसणाऱ्या सीटवर बसलो आणि उन्हातच निघालो. आरशात दोनदा पाहिलं. तो कमानीखाली उभा होता, चेहऱ्यावर राग नव्हता. वाट बघायची सवय असलेल्या माणसासारखा उभा होता. घरी आल्यावर ताप भरला, त्यात चार दिवस गेले.

घरी पोहोचलो तेव्हा आई दारात होती. तिनं मला उंबऱ्यावरच थांबवलं. हनुवटी धरून चेहरा उजेडाकडे केला. मग डाव्या कानाला तोंड लावून काहीतरी पुटपुटली. मी म्हटलं, "काय म्हणालीस? या बाजूनं सांग." तेव्हा कुठं तिनं मला सोडलं आणि म्हणाली, "ये आत."

म्हणजे मी कुठं गेलो होतो ते तिला न सांगताच कळलं होतं.

ताप उतरल्यावर मी तिला सगळं सांगितलं. ती शेंगा सोलत होती, हात थांबले नाहीत. शेवटी एवढंच विचारलं, "पाय दुखतो का अजून त्यांचा?"

"हो."

"दुखू दे."

मी विचारलं, तुला केव्हा कळलं. म्हणाली, "पहिल्या क्षणी. नवरा ओळखता येत नाही का बाईला? तुला वाटलं मी फसले?" मग पुढची शेंग उचलून म्हणाली, "त्यानं दारात उभं राहून विचारलं, आत येऊ का. तुझ्या बापानं आठ वर्षांत एकदाही विचारलं नव्हतं. मी म्हटलं, या, पाणी तापलंय."

तर चिऊ, डॉक्टरांना सांग की मुलाच्या आजोबांचे दोन्ही पाय शेवटपर्यंत ठणठणीत होते. ते दुखणं आलंच असतं तर माझ्याकडे, तुझ्याकडे नाही. पिटुकल्याच्या पायाचं कारण दुसरं असणार आणि ते दवाखान्यातच सापडेल. मी शुक्रवारी गाडीनं येतो, आपण तिघं मोठ्या डॉक्टरांकडे जाऊ. आई पण येते म्हणतेय.

तुझ्या वडिलांचं खरं नाव काय, ते कुठले, हे मला माहीत नाही. म्हाताऱ्यालाही नाही, त्यानं कधी विचारलंच नव्हतं. आईला माहीत असेल, पण ते तिनं तुलाच सांगायचं आहे. मला विचारशील तर ते आपल्या दोघांचे बाबा होते, आणि माझे जरा जास्तच, कारण मला त्याआधीचं आठवतं.

आता तू काय ठरवायचं ते ठरव. मला मात्र सख्खाच समज.

तुझा,
दादा