बाबांच्या सत्तरीचं फुकट जेवण

दादा,

बाबांना सोडायला गावी, नामवॉनला जातेय. बसची तिकिटं सरळ खिडकीवर काढली, तुझं कॅशबॅकचं ॲप न उघडता. सूप शेगडीवर आहे, गरम करून घे.

मुलगा सत्तरीचं जेवण देतोय, असं बाबांनी गावभर सांगितलं होतं. नवा कोट घालून आले होते. तुझ्या ब्लॉगवरच्या कौतुकाच्या बदल्यात हॉटेल फुकट जेवू घालतंय, हे काल त्यांना मालकिणीकडून कळलं. "आजोबा, जरा हसा की. मुलाने चांगलं लिहिलं तरच जेवण फुकट हं." तू फोटो काढत राहिलास, तोवर बरगड्यांच्या रश्शावर चरबी थिजून पांढरी झाली. तरी तू 'गरमागरम' असंच लिहिशील.

ब्लॉगच्या पैशांनी आपलं भाडं सुटतं, हे मला मान्य आहे. पण या एका जेवणाचे पैसे आपण दोघांनी मिळून दिले असते. तू मला विचारलंही नाहीस.

बाबा चिडले असतील असं मला वाटलं होतं. आत्ता बूट घालताना हळूच म्हणाले, "पोरी, मी नीट हसलो ना गं? नाहीतर ती बाई त्याच्याकडून पैसे घ्यायची."

तुझी बहीण, नारे