गॅरेजच्या खड्ड्यावरची बंद मोटार

दिनांक : १ नोव्हेंबर २००३

प्रति,
मा. शिबिर अधिकारी साहेब,
मोटार वाहन तपासणी शिबिर,
मुक्काम गेवराई, जि. बीड

अर्जदार : संगमेश्वर नागप्पा कोरे, मोटार मिस्त्री, श्री कपिलधार मोटार गॅरेज, हायवे रोड, गेवराई

विषय : माझ्या गॅरेजच्या खड्ड्यावर खंडेनवमीपासून बंद अवस्थेत उभी असलेली परक्याच्या मालकीची नवी मोटार हलवून माझा धंदा मोकळा करून मिळणेबाबत.

संदर्भ : १) मोटारमालक मोहनराव यांच्या वकिलांची नोटीस. २) मी यापूर्वी एका दुसऱ्या कार्यालयात दिलेला अर्ज व त्यास आलेले "सदर वाहन तपासणीकामी कार्यालयात चालवीत आणावे" असे उत्तर.

महोदय,

१. वरील विषयास अनुसरून सविनय सादर करतो की, मी गेवराई येथील कायम रहिवासी असून वडील कै. नागप्पा यांच्या हाताखाली मोटारीचे काम शिकलो व त्यांच्या पश्चात हेच गॅरेज चालवीत आहे. जीप, ट्रक, टेम्पो, जुनी अम्बॅसिडर, जे दारात येईल ते काम केले. कोणाला नाही म्हटले नाही. माझ्याविरुद्ध आजवर कोणाची तक्रार नाही, आणि या प्रकरणाआधी मीही कधी अर्ज केलेला नाही. त्यामुळे या अर्जाच्या भाषेत काही उणेअधिक झाल्यास सांभाळून घ्यावे.

२. गॅरेजमध्ये मधोमध एक खड्डा आहे. साहेबांना माहीत असेलच, तरी लिहितो. गाडी खड्ड्यावर उभी करायची, मिस्त्रीने खाली उतरायचे आणि डोक्यावर हात करून काम करायचे. ट्रकच्या स्प्रिंगचे पाटे, ब्रेक, गिअरपेटी ही सगळी कामे खड्ड्यातूनच होतात. खड्डा बंद म्हणजे गॅरेज बंद.

३. आमच्याकडे खंडेनवमीला हत्यारांची पूजा असते. त्या दिवशी जुनी गिऱ्हाईके आपापल्या गाड्या गॅरेजवर आणतात. मी त्या धुतो, इंजिनासकट. इंजिनाची घाण ठेवून वर हार घालणे म्हणजे देवाची थट्टा करणे होय, असे वडील म्हणत. त्यातही सर्वात मानाची गाडी खड्ड्यावर उभी करायची, भोवती रांगोळी काढायची, चाकाखाली लिंबू ठेवायचे ही आमची रीत. या वर्षी हा मान मोहनराव यांच्या मोटारीला दिला. मोहनराव यांचे मोंढ्यात खत-बियाण्यांचे दुकान असून त्यांच्या जुन्या जीपचे इंजिन माझ्या हाताखालून अनेकदा गेले आहे. जीप विकून त्यांनी ही पांढरी मोटार घेतली. तिचे सगळे काम कंपनीच्या औरंगाबादच्या सेंटरलाच करायचे असा नियम आहे. पण मोहनरावांच्या मातोश्री भिवराबाई यांनी हट्ट धरला की, "दसऱ्याची पूजा आपल्या मिस्त्रीच्याच हातची, तिथं औरंगाबादला कोण कुंकू लावतंय?" म्हणून मोटार आली. मलाही फार बरे वाटले, हे मी लपवीत नाही.

४. मी बॉनेट उघडले आणि नेहमीप्रमाणे पाइप लावून इंजिन धुवून काढले. घोटाळा झाला तो इथेच. या मोटारीच्या इंजिनाजवळ एक चपटा डबा आहे. त्यात काँप्युटर असतो व मोटारीची सगळी अक्कल त्यात असते. हे मला तोवर कोणी सांगितले नव्हते. मी त्याला एअर फिल्टरचा भाऊबंद समजलो. पूजा झाली, नारळ फुटला, मोहनरावांनी किल्ली फिरवली. इंजिन चालू झाले, समोर पिवळा दिवा लागला, मोटारीने दोन गचके खाल्ले आणि बंद पडली ती पडली.

५. पूर्वी इंजिनात पाणी गेले की झाकण काढायचे, कोरड्या फडक्याने पुसायचे, घटकाभर उन्हात ठेवायचे, की गाडी चालू. तेच मी केले. डब्याचे झाकण उघडून आतले पाणी पुसले. तर सेंटरचे लोक फोनवर म्हणाले की, सील तोडले, बाहेरच्या मिस्त्रीचा हात लागला, आता आमची जबाबदारी संपली. म्हणजे पाणी घातले तो माझा गुन्हा आणि पाणी पुसले तो त्याहून मोठा गुन्हा.

६. मी स्वतः एस.टी.ने औरंगाबादला गेलो. सेंटरचा काचेचा दरवाजा आपोआप उघडतो, पण वॉचमनने बाहेरच अडवले. मालक असाल तर सोफ्यावर बसा, ड्रायव्हर असाल तर मागे शेडमध्ये बसा, असे तो म्हणाला. मी मिस्त्री आहे म्हटल्यावर मला कुठे बसवावे हे त्याला कळेना. शेवटी एक तरुण साहेब बाहेर आले. चांगले बोलले, खोटे कशाला सांगू? ते म्हणाले की, एक यंत्र असते, त्याची पिन मोटारीला जोडली की कुठे दुखते ते मोटार स्वतः सांगते. मी म्हणालो, मला ते यंत्र विकत द्या, नाहीतर चार दिवस शिकवा, मी इथे झाडलोट करतो. ते म्हणाले, "मामा, ते बाहेर देत नाहीत. आम्हालासुद्धा सही करून मिळतं." मग मी त्यांना म्हणालो की, निदान माणूस पाठवून मोटार घेऊन जा. तर उघडलेली गाडी कंपनी स्वतःच्या ट्रकमधून आणत नाही, आणि दुसऱ्याच्या ट्रकमधून आणली तर गॅरंटी राहात नाही. मी परत आलो.

७. इकडे मोहनरावांच्या वकिलांची नोटीस आली की, नुकसानीच्या दाव्याचा निकाल लागेपर्यंत सदर मोटार "आहे त्या जागी व आहे त्या स्थितीत" ठेवावी, हात लावल्यास परिणामास मी जबाबदार. मोटार ढकलून बाजूला करणे हे दोन माणसांचे काम आहे. पण हात लावायचा नाही. बॉनेट त्या दिवशी उघडे होते, म्हणून ते आजही उघडेच आहे. बॅटरी मात्र उतरू द्यायची नाही, नाहीतर डब्यातली उरलीसुरली याद पुसली जाईल, असे सेंटरने मोहनरावांना सांगितले आहे. तेव्हा दर आठवड्याला मी माझ्या विजेवर तिची बॅटरी चार्ज करतो. तेवढ्या हाताला वकिलांची हरकत नाही.

८. साहेब, आता जे लिहितो त्यावर हसू नये. या मोटारीला चोरीचा भोंगा आहे. कुठे धक्का बसला की ती बोंब मारते. मी कोपऱ्यात ऐरणीवर हातोडा मारला की मोटार ओरडू लागते. दुसऱ्या कोणाचा ट्रक दारात येऊन थरथरला तरी ओरडते. भोंगा बंद करायची किल्ली मोहनरावांच्या खिशात आणि वायर कापावी तर नोटीस. शेजारी छबुबाईंचे चहाचे हॉटेल आहे. त्या म्हणतात, "ओ मिस्त्री, तिला गप करा की! गिऱ्हाइकं कप टाकून पळायलीत." मी हातोड्याला चिंध्या गुंडाळून पाहिल्या. पण पाटा चिंधीने सरळ होतो काय? ज्या गॅरेजात हातोडा मारायचा नाही त्या गॅरेजात मी काय करावे, याबद्दल शासनाचा काही नियम असल्यास मला कळवावा.

९. ही एकाच मोटारीची गोष्ट असती तर मी नशीब म्हणून सोडून दिली असती. पण गावात ज्याची जीप विकली जाते त्याच्या दारात असलीच मोटार येते. तिचे स्क्रू चांदणीसारखे, त्यांना माझा एकही पाना बसत नाही. आवाज ऐकून बिघाड ओळखावा तर आवाजच नाही. पिवळा दिवा लागला की मालक घाबरून सरळ औरंगाबादचा रस्ता धरतो, आणि जाताना माझ्या दारात फक्त हवा भरायला थांबतो. मी नव्या गाड्यांचा दुश्मन नाही. त्या चांगल्या आहेत, धूर कमी करतात, हे मला दिसते. माझे एवढेच म्हणणे आहे की, मोटार गेवराईच्या माणसाला विकली, तर ती दुरुस्त करायची विद्या गेवराईत येऊ देऊ नये असा हा कोणता न्याय?

१०. मोहनरावांचाही मला राग नाही. त्यांची आयुष्यातली पहिली नवी मोटार आहे आणि ते दोन्हीकडून सापडले आहेत. ते रोज दुकान बंद करून येतात, दारात उभे राहून मोटारीकडे बघतात आणि जातात. पूर्वी ते माझ्याबरोबर चहा घेतल्याशिवाय हलत नसत. आता चहा मागवला तर म्हणतात, "नको मिस्त्री, वकील म्हणलाय बोलू नका." याचे मला नोटिशीपेक्षा जास्त वाईट वाटते. माझी पत्नी कावेरी रोज सकाळी गॅरेज झाडायला येते. खड्ड्याभोवतीची रांगोळी अजून पुसलेली नाही, कारण तीही आहे त्या स्थितीत आहे. परवा ती मोटारीकडे बघून म्हणाली, "मीच हळदकुंकू लावलं अन् आता हीच मालकीण होऊन बसली. काहून आणली ही सवत?"

११. वरील परिस्थितीत साहेबांनी खालीलपैकी काहीतरी करावे ही विनंती. शिबिराकामी आपला मुक्काम गेवराईतच आहे, तेव्हा एक निरीक्षक माझ्या गॅरेजवर पाठवून मोटार समक्ष पाहावी, कारण बंद मोटार कार्यालयात चालवीत आणण्याची युक्ती मला अवगत नाही. पंचनामा करून ती हात-दोन हात तरी सरकवण्याचा लेखी आदेश द्यावा. तोही देता येत नसेल, तर माझे गॅरेज रीतसर त्या मोटारीच्या नावावर करून द्यावे. जागेचा ताबा तिच्याकडे आहे, आवाजही तिचाच चालतो. पाटीवर तिचा नंबर लिहितो आणि विजेचे बिल तिच्या नावे पाठवावे. मी हे चिडून लिहीत आहे असे वाटेल. चिडूनच लिहीत आहे.

१२. आता मुद्द्याची गोष्ट. दसरा ते दिवाळी हा माझ्या कमाईचा काळ. ऊसतोडीच्या टोळ्या कारखान्याला निघतात, त्याआधी मुकादमांचे ट्रक माझ्या खड्ड्यावर येतात. ब्रेक, पाटे सगळे पाहून मगच मी ट्रक सोडतो, कारण त्यात बायकापोरे बसून जातात. त्यावर आमचे पुढचे सहा महिने निघतात. या वर्षी आसाराम मुकादम ट्रक घेऊन आले, खड्ड्यावरची मोटार पाहिली आणि म्हणाले, "मिस्त्री, तुमचा हात आमाला ठाऊक हाय, पर थांबायला येळ न्हाई. कारखान्याचा बॉयलर पेटला हाय." त्यांनी ट्रक बीडला नेला. बाकीचे मुकादमही तिकडेच गेले. ते पुढच्या वर्षी परत येतील असे मला वाटत नाही.

१३. म्हणून परवा मीच आसाराम मुकादमांच्या घरी गेलो आणि म्हणालो, टोळीबरोबर मिस्त्री म्हणून न्या, फडात ट्रॅक्टर बंद पडतात, मी सांभाळतो. ते माझ्याकडे बघून हसले आणि म्हणाले, "मिस्त्री कशाला बे? टॅक्टरं समदी नवी हायती, कंपनीचा माणूस फडात येऊन बघून जातो. मला कोयता पाहिजे. येतो का?" साहेब, हा माणूस माझ्या वडिलांपुढे बसताना चपला बाहेर काढून बसायचा. मला त्याने पहिल्यांदा "बे" म्हटले. त्याच्या मनात वाईट नव्हते. टोळीतल्या सगळ्यांशी तो असाच बोलतो.

१४. साहेब परजिल्ह्यातले असल्यास कळावे म्हणून लिहितो की, आमच्याकडे नवरा आणि बायको मिळून एक कोयता धरतात. एकट्या पुरुषाला घेत नाहीत. मी घरी येऊन कावेरीला सांगितले. तिचे माहेर किराणा दुकानदाराचे, तिने आजवर उसाच्या फडात पाय ठेवलेला नाही. ती रडेल किंवा भांडेल असे मला वाटले होते. तिने फक्त विचारले, "तिथं लई थंडी असती का?" आणि संदुकीतली जुनी लुगडी बाहेर काढली. मला त्या वेळी जमिनीत गडप व्हावेसे वाटले. माझा हात पान्यावर बसलेला आहे, तो कोयत्यावर कसा बसेल हे मला ठाऊक नाही. तिचा तर कशावरच बसलेला नाही.

१५. ट्रक येत्या बुधवारी सकाळी निघतो. त्याआधी कोणीही येऊन ती मोटार खड्ड्यावरून बाजूला केली, तर मी कुठेही जाणार नाही. त्याच दिवशी खड्ड्यात उतरेन. काम मिळो न मिळो, ते माझे मी बघेन. पण बुधवारच्या आत काही झाले नाही, तर या अर्जाचे उत्तर गॅरेजच्या पत्त्यावर पाठवू नये, तिथे वाचायला कोणी नसेल. नवा पत्ता मला आज देता येत नाही. कोणत्या फडात आधी उतरवतील ते मुकादमालाही माहीत नाही.

आपला नम्र,
आणि बुधवारपर्यंत मोटार मिस्त्री,

(सही)
संगमेश्वर नागप्पा कोरे

सोबत :
१) वकिलांच्या नोटिशीची झेरॉक्स.
२) पूर्वीच्या अर्जास आलेल्या उत्तराची झेरॉक्स.
३) गॅरेजच्या कुलपाची किल्ली. एकच आहे. साहेब बुधवारच्या आत आले तर तिची गरज पडणार नाही, मी दारातच बसलेला असेन.