सात घरांचं पाडस

सोमवार, १० फेब्रुवारी २०२५

आले एकदाची! अकरा वर्षं कोथरूडच्या दवाखान्यात लाडावलेल्या लॅब्राडोरांची नखं कापली आणि त्यांच्याहून लाडावलेल्या त्यांच्या मालकिणींना तोंड दिलं. आता बास. मिरजगावपासून सहा किलोमीटरवर हे एका ट्रस्टचं वन्यप्राणी उपचार केंद्र. तीन खोल्या, पत्र्याची शेड, जाळीचे चार कप्पे. समोर हुरड्याला आलेली ज्वारी, मागे उघडा माळ, आणि माळावर काळविटांचा कळप खुशाल चरतोय. इथली डॉक्टर मीच आणि साहेबही मीच. हवा इतकी छान आहे की संध्याकाळी मी चक्क गुणगुणले.

राखणदार अब्राहाम पाटोळे पंचावन्नचा असेल. चर्चमध्ये पेटी वाजवतो, चहात साखर ओततो आणि प्रत्येक वाक्यामागे देवाची कृपा म्हणतो. दुधाचं काम वस्तीवरच्या रंगुबाईकडे. तिच्या आठ शेळ्या आहेत आणि मतं त्याहून जास्त. दोघांनी मिळून मला केंद्र दाखवलं. औषधांचं कपाट म्हणजे उकिरडा. थर्मामीटर कुणीतरी लोणच्याच्या बरणीत ठेवला होता. उद्यापासून इथे शिस्त येणार.

मंगळवार, ११ फेब्रुवारी

पहिला पेशंट आला. काळविटाचं पाडस, मादी, जेमतेम दहा दिवसांची. हायवेवर उसाच्या ट्रॉलीखाली आई गेली. हे शेजारी गवतात तसंच बसून राहिलं आणि कावळ्यांनी डोळे गाठले. डाव्या डोळ्यावर खोल जखम, बुबुळ दुधासारखं पांढरं. उजव्यावर उथळ ओरखडे. त्या डोळ्यानेही दिसत नाहीच. मागची मांडी खरचटलेली. वजन पावणेतीन किलो.

आणलं कुणी, तर रंगुबाईने, पदरात गुंडाळून. वर वाटेत त्याला आडवं धरून चमच्याने शेळीचं दूधही पाजून झालं होतं! दूध फुप्फुसात गेलं म्हणजे मेलं, हे तिला कोण सांगणार? मीच सांगितलं, चांगलं खडसावून. ती ऐकून घेते आणि गालातल्या गालात हसते. मला असली माणसं डोक्यात जातात.

ड्रॉप्स सुरू केले, दर दोन तासांनी. नाव ठेवणार नाही. पेशंट नंबर एक.

बुधवार, १२ फेब्रुवारी

आज कपाळावर हात मारायची वेळ आली. शेडच्या भिंतीवर खडूने सात नावं लिहिलेली आहेत, सोमवार ते रविवार. मला वाटलं झाडलोटीच्या पाळ्या असतील. छे! हे लोक जखमी जनावराला वार लावतात. पूर्वी गरीब विद्यार्थी वार लावून जेवायचे हे ठाऊक होतं, पण वार लावून जेवणारं हरीण मी प्रथमच पाहतेय. सोमवारी एका घरचं माणूस येऊन पाजणार, मंगळवारी दुसऱ्या, अशी सात घरं. मंगळवार रंगुबाईचा, गुरुवार अब्राहामचा.

कारण विचारलं तर रंगुबाईने अगदी सरळ सांगितलं, ज्वारीचा भाव सांगावा तसं. जनावर बरं होतं ते पाजणाऱ्याच्या अंगातून घेऊन होतं. सातांत वाटलं की कुणाला कळत न्हाई. काल दिवसभर तिला सुई ओवता आली नव्हती, आज येतेय. मागच्या वर्षी पाय मोडलेला काळवीट बरा केला तेव्हा सातही जण आठवडाभर थोडे लंगडले, एवढंच. म्हणून एकल्यानं पाजू न्हाई, बाई, लई वंगाळ असतं ते, असं म्हणाली.

अब्राहामला विचारलं, तू तर चर्चला जातोस, तुझाही यावर विश्वास? तो म्हणाला, विश्वास न्हाई मॅडम, पण गुरुवार माझाच हाय.

मी ओला कपडा घेतला आणि सातही नावं पुसून टाकली. सात घरची न धुतलेली बोटं, सात तऱ्हेचे जंतू, सात वास. असं पिल्लू भेदरूनच मरेल. जगभराचा नियम एकच आहे: एक पिल्लू, एक माणूस, एक बाटली. ते माणूस मी. रंगुबाई दूध बाहेर कट्ट्यावर ठेवून जाईल. अति शहाणा त्याचा बैल रिकामा म्हणतात, इथे तर अख्खी वस्तीच शहाणी!

रविवार, १६ फेब्रुवारी

पाडस फार गुणी आहे. माझा पांढरा कोट ओळखतं, म्हणजे वासाने. कोट आला की शेपटी हलवतं आणि बाटलीला अशी धडक देतं की मला हसू येतं. मांडीची जखम भरली. डाव्या डोळ्याचा व्रण कडेने आत सरकतोय, म्हणजे भरत चाललाय. माझ्या हिशोबाने याला तीन आठवडे लागायला हवे होते.

माझ्या मांडीत कळ आहे, दिवसभर वाकून बसल्याचा परिणाम. आणि डाव्या डोळ्यात ज्वारीचं कुसळ गेलंय बहुतेक. सारखा चोळते आहे. रंगुबाई दूध ठेवताना डोळ्याकडे टक लावून बघत होती. तिला म्हटलं, बाई, आपल्या शेळ्या बघा.

बुधवार, १९ फेब्रुवारी

कुसळ निघत नाही. डाव्या डोळ्याने अक्षरं धुक्यातून आल्यासारखी दिसतात.

पाडसाचा व्रण निम्म्यावर आला. ट्रस्टला फोटो पाठवले. त्यांनी कौतुक केलं. करायलाच हवं.

शुक्रवार, २१ फेब्रुवारी

नगरला जाऊन डोळ्यांच्या डॉक्टरांना दाखवून आले. नाव अहिल्यानगर झालं तरी बसचा कंडक्टर नगर नगरच ओरडतो. डॉक्टर पोरसवदा होता. दोनदा तपासून म्हणाला की डोळा स्वच्छ आहे, बुबुळ काचेसारखं आहे, दिसायला हवं. मॅडम, ताण घेताय का? मी त्याला सुनावलं की ताण काय असतो ते मलाही कळतं. त्याने डोळा ओलसर ठेवायचं औषध दिलं. ते मी कुत्र्यांनाही देत असे.

सोमवार, २४ फेब्रुवारी

आज शास्त्रीय तपासणी म्हणून एक गोष्ट केली. एका कागदावर मला डाव्या डोळ्याने न दिसणारा भाग काढला. समोर एका ठिपक्याकडे बघत पेन्सिल फिरवायची, जिथे टोक नाहीसं होतं तिथे खूण करायची. खालच्या बाजूला चंद्रकोर आली, तिच्या टोकाला एक फाटा.

मग अकरा तारखेला डोळ्यात जखम उठून दिसायचा रंग घालून काढलेला पाडसाच्या व्रणाचा फोटो उघडला.

चंद्रकोर. टोकाला फाटा. कावळ्याच्या चोचीचा.

योगायोग. असतात योगायोग. मी अकरा वर्षं डॉक्टर आहे, शेळ्या वळत नव्हते.

मंगळवार, २५ फेब्रुवारी

दिवसभर पाजलं नाही, मुद्दाम. पाडस जाळीशी उभं राहून ओरडत होतं. माझा डोळा कालच्यापेक्षा वाईट झाला नाही. त्याचाही व्रण जिथल्या तिथे.

पाच वाजता मला राहवलं नाही. बाटली दिली. सात वाजता मोबाईलवरचे आकडे डाव्या डोळ्याने दिसेनात.

आता काय म्हणू? मला कळलंय. म्हणजे रंगुबाईचं बरोबर आहे. हे वाक्य लिहिताना माझा हात अडतोय.

गुरुवार, २७ फेब्रुवारी

उपाय साधा आहे. वस्तीवर जायचं आणि सांगायचं, वार पुन्हा लावा. दोनशे पावलंसुद्धा नाहीत. सकाळी फाटकापर्यंत गेले. रंगुबाई अंगणात शेळीला पाला घालत होती. मला पाहून थांबली. मी तिच्यापुढे नाक घासू? जिच्या हातातलं पाडस हिसकावून घेतलं तिच्यापुढे? मी परत आले.

एका डोळ्यावर लोकांचं आयुष्य जातं. माझंही जाईल.

शनिवार, १ मार्च

डावा डोळा गेला. काही म्हणजे काही नाही.

पाडसाचा डावा डोळा काळाभोर, स्वच्छ. मी बोट फिरवलं तर बोटामागे फिरला. किती सुंदर डोळा आहे, देवा! मला रडू आलं आणि राग आला, दोन्ही एकदम.

उजव्या डोळ्यात आज सकाळपासून कुसळ.

सोमवार, ३ मार्च

शेवटी अब्राहामला पाठवलं. मी स्वतः गेले नाही, तेवढाही मोठेपणा माझ्यात नव्हता.

सातही घरची माणसं आली. एकानेही टोमणा मारला नाही. शेतात ज्वारीची काढणी चालू असताना हात धुऊन आली, साबणाने, माझ्यासाठी. मला शिव्या दिल्या असत्या तर बरं वाटलं असतं.

पाडस एकाच्याही हातून प्यायलं नाही. तोंडात बाटली घातली तर दूध ओघळून जाई. अब्राहामने माझा कोटही घालून पाहिला. ते त्याच्या शेजारून निघून माझ्यापाशी आलं आणि गुडघ्याला डोकं घासायला लागलं.

रंगुबाई माझ्याजवळ बसली. म्हणाली, ते आता तुमचंच झालं, बाई. तीन आठवडं लई झालं. आधी बोलला असता तर सुटलं असतं. तिने माझा हात धरला होता. मी सोडवून घेतला नाही.

मी विचारलं, पाजायचं थांबवलं तर? ती म्हणाली, मग ते मरतंय. तुमचं डोळं ऱ्हातील. तुमीच ठरवा.

बुधवार, ५ मार्च

दोन दिवस पाजलं नाही. पाडस आडवं पडलंय. मान उचलत नाही.

उजव्या डोळ्याने अजून हे लिहिण्यापुरतं दिसतंय, मोठ्या अक्षरात. हा डोळा ठेवायचा असेल तर फक्त बसून राहायचं. काही करायचं नाही. इतकं सोपं.

अब्राहाम शेडमध्ये गुडघे टेकून प्रार्थना करतोय. त्याला विचारलं, कुणासाठी? तो म्हणाला, दोघींसाठी.

बुधवार, संध्याकाळ

पाजलं.

मूर्ख बाई. अकरा वर्षं दुसऱ्यांच्या हळवेपणाला हसलीस. मला ते पाडस आवडतं, मेलं! त्याला मरताना बघत बसणं मला जमलं नाही. वस्तीला अडाणी म्हणणारी मी, माझ्याएवढी अडाणी या तालुक्यात दुसरी नसेल.

शुक्रवार, ७ मार्च

मार्करने लिहितेय. ओळ हरवू नये म्हणून पोस्टकार्ड आडवं ठेवते.

उजेड कुठल्या बाजूला आहे ते कळतं. एवढंच.

अब्राहाम सांगतो, पाडस माझ्याकडे बघत असतं. एकसारखं. कसं बघतं म्हणून विचारलं. फार खोदल्यावर म्हणाला — मॅडम, राग नका मानू. तुमी आल्या तेव्हा आमच्याकडं बघत हुता ना, तसं.

शनिवार, ८ मार्च

अंधार.

पाडस धावतंय. खुरांचा आवाज — एका कोपऱ्यापासून दुसऱ्या. कुठे आपटत नाही. त्याला सगळं दिसतं.

रंगुबाईने भाकरी भरवली. मी खाल्ली. म्हणाली, आता ते बरं झालं, आता काय घ्यायचं न्हाई त्याला. सुटला तुमी.

सुटले. डोळे गेले, पण जीव आहे. पुण्याला ताईला फोन करेन. शिकेन काठी घेऊन चालायला. शिकतात लोक. सोमवारी वनखात्याची माणसं येऊन त्याला कळपाजवळ सोडतील, अब्राहाम म्हणाला.

मला झोप लागली. किती दिवसांनी.

रविवार, ९ मार्च. सकाळ

अब्राहाम चर्चला गेलाय. ऊन पायावर येतंय. बरं वाटतंय. मी दार उघडून खुर्ची

कुत्री. शेडकडे. तीन — चार —

जाळी पडली वाटतं. अब्राहाम — अब्राहाम नाही.

ओरडतंय ते. मी हाका मारल्या. वस्ती शेतावर.

थांबलं.

खुरं. हळू. इकडे येतंय. दार कुठे — दार लावायचं — भिंतच लागतेय हाताला —

आत आलं. माझ्या मांडीवर डोकं ठेवलंय. कोट भिजला. मान फाटलीय — गळ्यापासून — माझं अख्खं बोट आत जातं. श्वास फसफसतोय. हे जगणार नाही. डॉक्टर म्हणून सांगते, जगणार नाही.

बाटली दिली नाही. नाही देणार. या वेळी नाही. ऐक, बाळा, मी नाही —

डाव्या हाताचं बोट तोंडात घेतलं त्याने. चोखतंय. काढते — निघत नाही. काढायचं नाही मला? काय करते आहे मी

त्याच तळव्याखाली रक्त थांबतंय. कातडी — जुळतेय — कडेने आत —

माझ्या गळ्याला