सिनेमातली मारामारी आणि तुझं मशीन

आई,

काल तुझ्या नातीबरोबर सिनेमाला गेले आणि ऐन मारामारीच्या वेळी उठून बाहेर आले. तुला हे मुळीच पटलं नसतं. तिकीट काढून सिनेमा अर्धा सोडणारी माणसं तुझ्या लेखी वाया गेलेली. नात आता पंधरा वर्षांची आहे. तू गेलीस तेव्हा मी नुकतीच अमेरिकेत आले होते, ती तर जन्मलीही नव्हती. आता आम्ही अ‍ॅशबर्नमध्ये राहतो. इथल्या थिएटरातल्या खुर्च्या बटण दाबलं की पलंगासारख्या आडव्या होतात, तुझी कंबर सुखावली असती. पॉपकॉर्नचा डबा एवढा की त्यात आपल्या घरची आठवड्याची ज्वारी मावेल. मी तो डबा हातात घेऊनच बाहेर आले आणि लॉबीत पुढच्या सिनेमांची पोस्टरं वाचत उभी राहिले. आत पोरगी एकटी होती.

सिनेमा तिच्या आवडत्या पुस्तकावर काढलेला आहे. पुढच्या काळातली गोष्ट. एका शहरात धान्य पुरेनासं होतं, मग सरकार ठरवतं की म्हाताऱ्या माणसांना भिंतीपलीकडे नेऊन सोडायचं. एक मुलगी आपल्या आजीला माळ्यावर लपवते. शेजारी चुगली करतात, शिपाई येतात, आजी सापडते आणि तिला मारतात. मुलगी फटीतून बघत असते. पुस्तकात हे पानभर आहे म्हणे. सिनेमात ते संपता संपत नव्हतं. दांडा वर जातोय, हळूहळू खाली येतोय, रक्ताचे थेंब हवेत तरंगताहेत, मागे व्हायोलिनं वाजताहेत. मी लेकीच्या कानात सांगितलं, ‘मी आलेच’, आणि सिनेमा संपेपर्यंत आत गेलेच नाही.

घरी येताना सिग्नलला थांबलो तेव्हा ती समोर बघतच म्हणाली, ‘आई, यू ऑल्वेज लीव्ह.’

‘ऑल्वेज कुठे गं? मला ते रक्तबिक्त नाही बघवत, तुला माहितीये.’

‘आय नो. तेच म्हणतेय मी,’ एवढं बोलून तिनं कानात इअरफोन घातले. घरी नवऱ्याला सांगितलं तर तो लॅपटॉपमधून मान वर न करता म्हणाला, ‘अगं सिनेमा आहे यार, सॉस असतो तो.’ त्याचं सगळं असं सोपं असतं. मला मात्र तो शब्द टोचत राहिला. ऑल्वेज.

गंमत म्हणजे आमच्या मराठी मैत्रिणींच्या ग्रुपवर आठवडाभर याच सिनेमावरून रण पेटलं होतं. एक म्हणत होती की असले सिनेमे मुलांना दाखवूच नयेत. दुसरी म्हणत होती की ही मुलं गेममध्ये याहून भयंकर बघतात, आपणच बावळट. मी मोठ्या तोऱ्यात लिहिलं होतं की ज्याला गोष्ट सांगता येते त्याला मार दाखवावा लागत नाही. सगळ्यांनी अंगठे दिले. पण त्यात माझं काहीच नव्हतं. ते मी तुझ्याकडून उचललं होतं, तुझ्या शिवणक्लासातून.

सोलापूरच्या त्या पुढच्या खोलीत दुपारी किती बायका असायच्या! कुणी परकराला नेफा घालतेय, कुणी ब्लाउजची कटोरी बसत नाही म्हणून उसवतेय, मी एका कोपऱ्यात हूक लावत बसलेली. गुरुवारी तू मॅटिनी बघून यायचीस आणि शुक्रवारी क्लासात सिनेमाची स्टोरी सांगायचीस. निम्म्या बायकांना घरून सिनेमाला पाठवायचे नाहीत, त्या तुझ्याच तोंडून सगळे सिनेमे बघायच्या. तू हिरॉइनच्या साडीचा काठ सांगायचीस, सासूचं बोलणं तिच्या आवाजात म्हणून दाखवायचीस, गाणं गुणगुणायचीस. आणि मारामारी आली की बोलणं थांबवून मशीन चालू करायचीस. चांगली लांबलचक टीप घालायचीस. पायडलचा तो आवाज चालू असेपर्यंत कुणी बोलायचं नाही. टीप संपली की दोरा दातानं तोडायचीस आणि म्हणायचीस, ‘तर मग तो हॉस्पिटलात शुद्धीवर आला.’ मधे काय झालं ते ज्याचं त्यानं समजून घ्यायचं. मला वाटायचं, याहून सभ्य रीत नाही. पुढे कधीही पडद्यावर हाणामारी सुरू झाली की मी उठून पाणी प्यायला जाऊ लागले. ते तुझंच वळण आहे, असं मी अभिमानानं सांगत आले.

आज रविवार. दुपारी आम्ही दोघी धुतलेल्या चादरी घड्या करत होतो. इथल्या चादरींना चारी कोपऱ्यांत इलॅस्टिक असतं, एकटीला त्या जन्मात जमत नाहीत, म्हणून रागावलेली मुलगीही मदतीला येते. मी समेटाच्या सुरात म्हटलं, ‘तुलापण तो सीन नाहीच आवडला ना? पुस्तकात किती कमी आहे, तूच म्हणतेस.’

‘कमी-जास्तचा इश्यू नाहीये, आई.’ ती निम्मं इंग्रजीत बोलत होती, मी तुझ्यासाठी मराठीत लिहिते. ‘पुस्तकात तो मार वाचून मला दोन दिवस झोप नव्हती. पण पुस्तकात त्या शिपायाचा चेहरासुद्धा नाहीये. पुस्तकात आजी मार खाताना चष्मा सांभाळते. तो फुटला तर नवीन मिळणार नाही, म्हणून ती तो मुठीत धरते आणि डोक्यावर हात घ्यायचं विसरते. सिनेमात चष्माच नाहीये! त्यांनी दांडा दाखवला, मसल्स दाखवले. माझ्या मागे एक मुलगा ‘सिक!’ म्हणून ओरडला. म्हणजे भारी. कुणीच घाबरलं नव्हतं.’

मी चादरीचं टोक धरून उभी राहिले. एवढी चर्चा केली आम्ही बायकांनी, मार दाखवावा की झाकावा, किती दाखवावा, कुठल्या वयाला दाखवावा. कॅमेरा मारणाऱ्याच्या बाजूला उभा आहे की मार खाणाऱ्याच्या, हे कुणाच्याच लक्षात आलं नव्हतं. मला माझ्या लेकीचा फार अभिमान वाटला. आणि तू ऐकायला हवी होतीस असंही वाटलं.

मग ती हळूच म्हणाली, ‘तू थांबायला हवं होतंस. मला तुला काहीतरी सांगायचं होतं त्याच्यावरून.’

मागच्या महिन्यात तिच्या शाळेत लॉकडाउन झाला. तुला कळावं म्हणून सांगते, इथं शाळेत कुणी बंदूक घेऊन शिरलं असा संशय आला की वर्गाला आतून कुलूप लावतात, दिवे बंद करतात आणि पोरं कोपऱ्यात जमिनीवर चिडीचूप बसतात. त्याचा आधीपासून सराव करून घेतात, आपण कवायत करायचो तसा. त्या दिवशी तो सराव नव्हता, शाळेत बंदूकवाला शिरलाय असा खरंच कुणीतरी फोन केला होता. तो खोटा निघाला. ती घरी आली तेव्हा मी तिला घट्ट धरलं आणि म्हटलं, झालं ना, सुखरूप आहेस ना, आता त्याचा विचार नको करू. तिनं तीनचारदा विषय काढला. प्रत्येक वेळी मी शिरा करू का म्हणून विचारलं. शिऱ्यावर शिरा झाला आमच्या घरी त्या आठवड्यात.

आज मी शिरा केला नाही. ऐकलं. अंधारात तिच्या शेजारी बसलेली मुलगी थरथरत होती, तिचे दात वाजत होते आणि आवाज तर करायचा नव्हता. तेव्हा माझ्या लेकीनं तिच्या कानात याच पुस्तकाची गोष्ट सांगायला घेतली. माळा, आजी, आजीचे विनोद. बाहेर कॉरिडॉरमध्ये बूट वाजले. पोलीसच होते, पण आतल्यांना काय माहीत? दाराची कडी कुणीतरी हलवून बघितली. गोष्टीतही तेव्हा शिपाई दारापर्यंत आले होते. ‘मग मी तो पार्ट स्किप केला,’ ती म्हणाली. ‘मी तिला सांगितलं की आजी सापडलीच नाही. मी खोटं बोलले, आई. पुस्तकातला सगळ्यात इम्पॉर्टंट सीन मी काढून टाकला.’ आणि मग ती रडायला लागली, महिनाभर साठवलेलं रडली. मी चादरीसकट तिला जवळ घेतलं.

शांत झाल्यावर मी तिला तुझ्या मशीनची गोष्ट सांगितली. तिला वाटलं मी तिचं कौतुक करतेय, आणि मी करतच होते. पण ही पोरगी एका प्रश्नावर थांबत नाही. म्हणाली, ‘म्हणजे आजीनं कधीच मारामारी सांगितली नाही? नॉट ईव्हन वन्स?’

सांगितलीस. एकदा.

समोरच्या गल्लीतली ती नवी सून आठवते तुला? मे महिन्यात, सोलापूरच्या उन्हात, ती तुला म्हणाली होती, ‘मावशी, बाही कोपराच्या खाली घ्या.’ तू दंडाला टेप लावलीस, काहीतरी पाहिलंस आणि माप न बोलता लिहून घेतलंस. पुढच्या शुक्रवारी तू एका सिनेमाची स्टोरी सांगत होतीस. त्यात नवरा बायकोला मारतो असा प्रसंग आला. आम्ही मशीनच्या आवाजाची वाट बघतोय आणि तुझा पाय पायडलवर नुसता ठेवलेला. तू सांगत राहिलीस. आधी त्यानं वेणी कशी हाताला गुंडाळली. मग उलथनं. ती ओरडली नाही, कारण पाळण्यातलं मूल उठलं असतं. त्या सुनेची सुई कापडात तशीच राहिली होती. तिनं मान खाली घालून विचारलं, ‘घरातलं कुणी मधे पडलं नाही का, मावशी?’

‘नाही,’ तू म्हणालीस. ‘सगळे जेवत होते. सासऱ्यांनी ताक मागितलं, तेही तिनंच उठून वाढलं.’

तू मग शांतपणे सिनेमा पुढं सांगितलास, ती बाई दुसऱ्या दिवशी मूल कडेवर घेऊन एसटीत कशी बसली, कंडक्टरनं काय विचारलं, सगळं. ती सून काही दिवसांनी क्लासला यायची बंद झाली. माहेरी गेली असं कळलं. पुढच्या उन्हाळ्यात ती तुला भेटायला आली तेव्हा तिनं आखूड बाहीचा ब्लाउज घातला होता, आणि तू तिला चहाबरोबर चिवडा दिलास.

मी हे सगळं लेकीला सांगितलं आणि न राहवून त्याच्यापुढचंही सांगितलं. इथं आल्यावर एकदा तो सिनेमा मला टीव्हीवर सापडला होता. मी या प्रसंगाला उठून जायचं नाही असं ठरवून पूर्ण बघितला. त्यात नवरा बायकोला एक थोबाडीत मारतो, ती पलंगावर पडून रडते आणि गाणं सुरू होतं. वेणी नाही, उलथनं नाही, पाळणा नाही. जेवणारी माणसं नाहीत, ताक नाही, एसटी नाही. ते सगळं तू घातलंस. त्या एका सुनेसाठी घातलंस हे तेव्हाच माझ्या लक्षात आलं होतं, आणि माझी आई केवढी हुशार, म्हणून मी त्यावर वर्षानुवर्षं खूश राहिले.

लेक माझ्याकडे टक लावून बघत होती. ‘पण आजीला हे सगळं कसं माहीत?’ तिनं विचारलं.

‘चादरीचं ते टोक धर,’ मी म्हटलं.

तिनं धरलं. आम्ही घडी घातली. तिला माझं उत्तर मिळालं असावं, कारण तिनं पुन्हा विचारलं नाही. ती खोलीत गेल्यावर मी हा कागद घेऊन बसले आहे. आपल्या घरात बाबांनी तुझ्यावर कधी हात उचललेला मी पाहिला नाही. पण मी पाळण्यात होते ती वर्षं तू गावाकडच्या एकत्र घरात काढलीस, आणि त्या वर्षांबद्दल तू कधी काही बोलली नाहीस. तिथले आजोबा तर रोजच्या जेवणात ताक घ्यायचेच. आपण सोलापूरला नेमके कशामुळं आलो, बाबा आपल्या मागून सहा महिन्यांनी का आले, हे मी विचारलं नाही. तू आजारी होतीस तेव्हा फोनवर रोज बोलायचो, भरपूर वेळ होता. तरी नाही. म्हणून आज विचारते, आई. ती तूच होतीस का? पाळण्यात मी होते का?

हे लिहून झालं आणि खरं सांगते, तू उत्तर देऊ शकत नाहीस याचं मला बरं वाटलं.